फळा पोचला, वही मागेच राहिली



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे एक कसब होतं. बाकाच्या पलीकडे उभं राहून ते विद्यार्थ्याची वही उलटी वाचायचे. मुलगा गणित सोडवत असायचा आणि सर समोरून, उलट्या अक्षरांत, त्याचं चिन्ह कुठे निसटलं ते बघत असायचे. बोलायचे मात्र दोन ओळी जाऊ देऊन. जुन्या गणितशिक्षकांपैकी बऱ्याच जणांना हे जमायचं, तेव्हा यात चमत्कार काही नाही. पण आजचा विषय याच कसबापाशी येऊन थांबतो. मुक्त विद्यापीठातून गणित शिकणाऱ्यांना डिजिटल साधनांनी कसं शिकवावं, यावर मी बोलावं असं संयोजकांनी सांगितलं. त्या प्रश्नाचा मी माझ्यापुरता अर्थ असा लावला: विद्यार्थी समोर बाकावर नाही, तो लासुर्ण्याला आहे, रात्रपाळीला आहे, मग त्याची वही कोण आणि कशी वाचणार?

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. दूरशिक्षणात गेली पन्नास वर्षं तंत्रज्ञानाचा जवळजवळ सगळा जोर शिक्षकाचा फळा विद्यार्थ्यापर्यंत नेण्यावर राहिला. विद्यार्थ्याची वही शिक्षकापर्यंत आणण्यावर फार थोडी बुद्धी आणि त्याहून थोडा पैसा खर्च झाला. इतिहास किंवा अर्थशास्त्र एक वेळ असं शिकवता येईल. गणित येत नाही.

इतिहासावरून नजर भराभर फिरवू. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ च्या जानेवारीत तिथे पहिले विद्यार्थी शिकू लागले. पहिल्याच वर्षीच्या पायाभूत शिक्षणक्रमांत गणित होतं आणि त्याचे पाठ बीबीसीवर दिसायचे. आपल्याकडे १९८४ च्या स्वातंत्र्यदिनी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला. १९८५ मध्ये दिल्लीला इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राम ताकवले हे मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. आधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे इग्नूचेही झाले. २००० साली ज्ञानदर्शन वाहिनी सुरू झाली आणि २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट आकाशात गेला, केवळ शिक्षणासाठी सोडलेला भारताचा पहिला उपग्रह. तो जीएसएलव्ही अग्निबाणातून गेला आणि इस्रोच्या अशा अग्निबाणांची मोटर-कवचं आपल्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात बनतात. म्हणजे पाठ आकाशातून खाली आणायच्या कामात या तालुक्यातल्या वेल्डरचा आणि टर्नरचाही हात आहे. हे आपल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

नंतर एनपीटेल, स्वयं आणि यूट्यूब आलं. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आला आणि जो व्हिडिओ बघायला पूर्वी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजावे लागत, तो गोठ्यात बसून बघता येऊ लागला. आज लिनिअर अल्जिब्रावर जगातल्या उत्तम प्राध्यापकांची व्याख्यानं निमगाव केतकीत फुकट मिळतात. फळ्याचा प्रश्न सुटला. इतका सुटला, की आणखी एक स्टुडिओ बांधायचा प्रस्ताव कुठे दिसला की मला आता कंटाळा येतो.

ओपन युनिव्हर्सिटीची एक गोष्ट मात्र आपण नीट पाहिली नाही. तिथला टीव्ही गाजला, पण गणिताच्या विद्यार्थ्याला तारून नेत होतं ते पोस्टाचं पाकीट. विद्यार्थी उदाहरणं सोडवून पाठवायचा आणि नेमून दिलेला शिक्षक ओळीओळीशेजारी शेरे लिहून ती परत पाठवायचा. इग्नूनेही ही पद्धत घेतली. तिथे टीएमए, म्हणजे शिक्षकाने तपासायचा गृहपाठ, पदवीच्या बऱ्याच शिक्षणक्रमांत ३० टक्के वजनाचा असतो. पण देशभरात, आणि यात मी कुठल्या एका संस्थेकडे बोट दाखवत नाही, गृहपाठ म्हणजे गुणांची एक नोंद होऊन बसला. वही गेली, गुण आले. समासात काय लिहून आलं, हे कुणी विचारत नाही.

आता बारामती आणि इंदापूर या आपल्या दोन तालुक्यांतला हा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणू. एक जण माळेगाव किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत रसाचं ब्रिक्स मोजतो. बारावी सायन्स झाला, वडील आजारी पडले, कॉलेज राहिलं. एक जण बारामती एमआयडीसीत तीन पाळ्यांत फिरतो. एकीचं लग्न बारावीनंतर झालं, मुलं शाळेत जायला लागली, आता तिला बी.एस्सी. पुरी करून शिक्षिका व्हायचं आहे. कुणी टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाईवर आहे. स्पर्धा परीक्षेच्या नादात पदवी मागे पडलेले तर गावोगाव आहेत. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम करून, बारावीची पायरी चुकवून आलेलेही आहेत, आणि त्यातल्या काहींना अपूर्णांकाच्या बेरजेपासून सुरुवात करावी लागते. ते करताना त्यांना जी लाज वाटते, तिचा कुठल्याच अभ्यासक्रमात उल्लेख नसतो.

यांचं घड्याळ कॉलेजच्या घड्याळाशी जुळत नाही. शेतीची थ्री-फेज लाइट रात्री येते तेव्हा मोटर चालू करायला माणूस उसात असतो. गाळप हंगामात कारखान्यातल्या कामगाराचा रविवार जातो आणि अभ्यासकेंद्राची संपर्कसत्रं नेमकी रविवारी असतात. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, बेलवडी करत इंदापूरकडे निघाली की रस्ते बंद आणि सत्रही बंद. त्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नसते. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो. अशा माणसांना ‘संध्याकाळी सात वाजता लाइव्ह लेक्चर’ देणं म्हणजे सोय कुणाची केली? लाइव्ह लेक्चरमधलं गणित आपण कोरोनात सगळ्यांनीच पाहिलं. पहिली दहा मिनिटं ‘आवाज येतोय का?’, मग सगळ्यांचे कॅमेरे बंद, आणि शेवटी ‘काही शंका?’ यावर ती शांतता.

मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. सुंदर आहे. पण आपण नीरा डाव्या कालव्याची माणसं आहोत. कालव्याला पाणी सुटलं म्हणजे ते टेलच्या शेतात पोचलं असं होत नाही, हे इंदापूरच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. वरच्या गेजवर किती पाणी सुटलं याची नोंद असते. टेलला किती भिजलं ते शेतात जाऊनच बघावं लागतं.

गणितात हे ‘जाऊन बघणं’ म्हणजे वही. एक साधं उदाहरण घेऊ. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असं लिहिणारे विद्यार्थी पदवीच्या शेवटच्या वर्षातही सापडतात. अशा विद्यार्थ्याला सूत्र विचारा, तो बिनचूक म्हणून दाखवेल, ‘दोन अब’सकट. व्हिडिओ दाखवा, तो मान डोलावेल. पण कॅल्क्युलसचं लांब उदाहरण सोडवताना, घाईत, पाचव्या ओळीत तो मधलं पद गाळतो आणि शेवटी उत्तर का येत नाही ते त्याला कळत नाही. तो म्हणतो, ‘सर, मला लिमिट समजत नाही.’ लिमिट त्याला समजलेलं असतं. त्याचं अडतं आठवीच्या विस्तारापाशी. हे त्याला स्वतःला सांगता येत नाही, कारण कुठे चुकतंय हे कळलं असतं तर तो चुकलाच नसता. ते फक्त पाचवी ओळ सांगते. एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून शेवटी गणित सोडणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांना समजावून सांगणारे पुष्कळ भेटले, वाचणारं कुणी भेटलं नाही.

मग ही पाचवी ओळ भिगवणहून बारामतीला कशी यावी? फोनच्या पडद्याचं आपण फार कौतुक केलं, पण गणिताच्या शिक्षकाच्या दृष्टीने फोनचा महत्त्वाचा भाग मागे आहे, कॅमेरा. गणित टाइप करून विचारायला गेलं की घोटाळा सुरू होतो. विद्यार्थी व्हॉट्सॲपवर ‘एक्स टू’ लिहितो. तो एक्सचा वर्ग, की दोन एक्स? ‘एक भागिले दोन एक्स’ लिहिलं की एक्स वर आहे की खाली, हे विचारण्यात दोन निरोप आणि एक दिवस जातो. गणिताची छपाई नीट व्हावी म्हणून डोनाल्ड क्नूथने १९७० च्या दशकात टेक् नावाची प्रणाली तयार केली. आज जगातले गणिती तिच्याच पुढच्या अवतारात लिहितात. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आधी ती शिक आणि मग शंका विचार, असं सांगणारा शिक्षक मला तरी शिक्षक वाटत नाही. पेन, वही आणि फोटो एवढं पुरतं.

फक्त फोटोला थोडी शिस्त लागते. ती कामातून शिकलेली आहे, म्हणून सांगतो. पेन्सिल नको, निळं किंवा काळं पेन. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, नाहीतर मागची शाई फोटोत उतरते. ट्यूबलाइट पाठीशी घेऊ नका, वहीवर तुमच्याच हाताची सावली पडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा. एवढ्या बारीकशा गोष्टीने कामाची रीतच बदलते. शिक्षकाला फोटोवर बोटाने रंगीत गिरगोट्या कराव्या लागत नाहीत. तो एसटीत बसल्या बसल्या मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवू शकतो: ‘तिसरी ओळ बरोबर, चौथीत कंस सोडवताना उणे आतल्या दोन्ही पदांना लागायला हवं होतं, पाचवी पुन्हा करून पाठव.’ हा निरोप मराठीत असतो, आवाजात असतो, त्यात धीर असतो आणि तो पुन्हा पुन्हा ऐकता येतो. त्याला डेटाही नगण्य लागतो. पाठ्यसाहित्य इंग्रजीत आणि समजावणं मराठीत, ही तारेवरची कसरत आपला विद्यार्थी अकरावीपासून करतोच आहे. आवाजी निरोप ती सहज निभावून नेतो.

पाचवी ओळ शिक्षकाने सोडवून द्यायची नाही. ती विद्यार्थ्याने पुन्हा पाठवायची. ही दुसरी फेरी झाली नाही तर पहिली फुकट.

हे सगळं बारामतीला नवीन आहे का? मुळीच नाही. आपण ते उसाच्या आणि डाळिंबाच्या बाबतीत केव्हाच केलं आहे. २००३ च्या सुमारास आयआयटी मुंबईच्या एका गटाने ‘आक्वा’ नावाची व्यवस्था उभी केली. शेतकऱ्याने आपला प्रश्न मराठीत लिहायचा, जमलं तर रोगट पानाचा फोटो जोडायचा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांनी त्याला उत्तर द्यायचं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते. नेट खरखरत चालायचं. तरीही रचना बरोबर होती, कारण सुरुवात शेतकऱ्याच्या पानापासून होत होती. ‘डाळिंबावरील रोग’ या विषयावर सर्वांना एक व्याख्यान ऐकवून ते थांबले नाहीत. आता तर त्याच परिसरात मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड यांच्या सहकार्याने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे. उपग्रह आणि जमिनीतले सेन्सर शेताच्या कुठल्या कोपऱ्याला पाणी कमी पडलं ते फोनवर सांगतात. २०२५ च्या जानेवारीत सत्या नाडेला यांनी या प्रयोगाचं नाव घेतलं तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फोनवर ती चित्रफीत फिरली. उसाच्या सरीला जी नजर मिळाली, ती गणिताच्या वहीला अजून मिळालेली नाही.

पडद्याचा उपयोगच नाही असं मात्र मी म्हणत नाही. एका जागी तो फळ्यापेक्षा सरस आहे. हलणाऱ्या, बदलणाऱ्या गोष्टी खडूने दाखवता येत नाहीत. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ मध्ये आपल्या प्रबंधासाठी जिओजेब्रा नावाचं सॉफ्टवेअर तयार करायला घेतलं. ते फुकट आहे, फोनवर चालतं आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही चालतं. त्यात बोटाने एक ठिपका सरकवला की वक्राची स्पर्शिका त्याच्याबरोबर सरकते. पण तिथेही प्रश्न कुठून आणायचा हे महत्त्वाचं. पुस्तकातला कारंज्याच्या हौदाचा प्रश्न आपण किती पिढ्या चालवणार? आपल्याकडे उजनी धरण आहे.

इंदापूरच्या माणसाला ऋण संख्या शिकवावी लागत नाही. ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य तो दर उन्हाळ्यात ऐकतो. धरणात समोर पाणी दिसत असताना साठा उणे कसा? कारण शून्य आपण तळाला मांडलेलं नाही. उजनीचा मृत साठा सुमारे ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, त्याच्या वरचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. शून्य टक्के म्हणजे मृत साठा भरलेला, आणि शंभर टक्के म्हणजे एकूण सुमारे ११७ टीएमसी. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ६० टक्क्यांपर्यंत उतरला. विद्यार्थ्याला विचारा, त्या दिवशी धरणात पाणी किती होतं? ५३.५७ चे ६० टक्के म्हणजे साधारण ३२.१४. ते ६३.६६ मधून वजा केले की उरले साडेएकतीस टीएमसी. आरंभबिंदू सरकवणे हा निर्देशक भूमितीतला धडा इथे आपोआप होतो. पळसदेवचं बुडालेलं देऊळ पाण्याबाहेर येतं तेव्हा टक्केवारी काय असते, असं विचारलं तर विद्यार्थ्यांचा सगळा व्हॉट्सॲप ग्रुप कामाला लागतो.

पावसाळ्यात पुढचा धडा येतो. दौंडहून किती विसर्ग येतोय, हा आकडा जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक गावच्या ग्रुपवर असतो. विसर्ग क्युसेकमध्ये, साठा टीएमसीमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून एक लाख क्युसेक पाणी पूर्ण चोवीस तास आलं तर ८.६४ अब्ज घनफूट होतं, म्हणजे ८.६४ टीएमसी. या हिशेबाने शून्यावरची उजनी शंभर टक्क्यांवर यायला सहा दिवसांहून थोडा जास्त वेळ लागेल. पण विसर्ग काही एका आकड्यावर थांबत नाही. सकाळी एक, दुपारी दुसरा, रात्री तिसरा. मग काय करायचं? दर सहा तासांचा आकडा घ्यायचा, त्याचे उभे पट्टे काढायचे, क्षेत्रफळं मिळवायची. पट्टे अरुंद करत गेलं की उत्तर सुधारत जातं. इंटिग्रेशन म्हणजे हेच, आणि ते विद्यार्थ्याने आपल्या ग्रुपवर आलेल्या आकड्यांनी केलेलं असतं.

यापुढचा एक प्रश्न माझा आवडता आहे. भरता भरता धरणातला साठा सर्वांत जास्त होतो त्या क्षणी तो किती वेगाने वाढत असतो? बहुतेक जण सांगतात, खूप वेगाने. मग त्यांना आलेख हाताने काढायला लावायचा आणि जिओजेब्रात ठिपका सरकवत शिखरावर न्यायला सांगायचा. तिथे स्पर्शिका आडवी पडते. वाढीचा वेग शून्य! येणारं पाणी आणि दरवाजांतून जाणारं पाणी त्या क्षणी बरोबरीत असतं. डेरिव्हेटिव्ह शून्य ठेवून महत्तम काढायची रीत सगळ्यांना पाठ असते, पण ती का चालते हे या आडव्या रेषेपाशी पटतं. तो हाताने काढलेला आलेख शिक्षकाने मागवायचाच. जिओजेब्राची रेष सगळ्यांची सारखीच सुबक येते, त्यातून कुणाला काय कळलं ते कळत नाही.

एकटेपणाबद्दल थोडं बोललं पाहिजे. दूरशिक्षणात गणित सुटण्याचं ते मोठं कारण आहे. वर्गात शेजारच्यालाही आलं नाही हे दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. घरी बसलेल्याला वाटतं, आपणच ढ. इथे मला एकट्याने गणित करत राहिलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आठवतात. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवत राहिलेले. ना पदव्युत्तर पदवी, ना विद्यापीठातली खुर्ची. त्यांचं गणित पत्रांतून आणि छोट्या नियतकालिकांतून जगापर्यंत गेलं. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे आपल्याकडच्या अनेकांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

तो गुणधर्म ग्रुपवर खेळायला फार चांगला आहे. प्रत्येकाने आपल्या दुचाकीचा नंबर घ्यायचा. एमएच-४२ सोडा, पुढचे चार अंक. ते उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि जी बाकी येईल तिच्यावर पुन्हा तेच. समजा नंबर १२३४ आहे. ४३२१ उणे १२३४ म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४, आणि त्यानंतर ६१७४ च येत राहते. कुठलाही नंबर घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. अपवाद चारही अंक सारखे असलेल्यांचा. ज्यांनी हौसेने पैसे मोजून ७७७७ घेतलाय, त्यांच्या हाती पहिल्याच पायरीला शून्य. ग्रुपवर याचं हसू पिकतं आणि कधीच न बोलणारे बोलायला लागतात.

पण खेळापाशी थांबलो तर ते गणित नव्हे. पुढचा प्रश्न: हे प्रत्येक नंबराला लागू पडतं हे सिद्ध कसं करायचं? ९,९९० नंबर तपासायचे? अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर पहिली वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते. अ − ड ची किंमत १ ते ९ आणि ब − क ची ० पासून अ − ड पर्यंत. सगळ्या जोड्या मोजल्या तर फक्त ५४. दहा हजारांच्या घरातला प्रश्न एका ओळीच्या बीजगणिताने चौपन्नावर आला! या ५४ संख्या ग्रुपमध्ये वाटून द्यायच्या. बावड्याच्या मुलाने तीन करायच्या, सणसरच्या बाईंनी तीन. प्रत्येकाने आपल्या वहीचं पान पाठवायचं. सगळी पानं जमली की सिद्धता पूर्ण, आणि एकमेकांना कधीच न भेटलेल्या माणसांनी ती मिळून केलेली असते.

यंत्राने तपासणी करण्याबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. कोरोनात आपण बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या, तेव्हा इलाज नव्हता. पण चार पर्यायांतून एक निवडणं ही गणिताची परीक्षा म्हणून रुळली तर पाचवी ओळ कायमची गेली. यंत्राकडून याहून बरं काम घेता येतं. ख्रिस सँग्विन या ब्रिटिश गणितशिक्षकाने २००४ च्या सुमारास स्टॅक नावाची प्रणाली सुरू केली. ती मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत बसते, फुकट आहे आणि ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटीही ती वापरतं. मूडलचा कर्ता मार्टिन डुजियामास हा स्वतः पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात, रेडिओवर भरणाऱ्या शाळेत शिकलेला मुलगा. दूर राहून शिकणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्टॅकला असा प्रश्न विचारता येतो: ‘एक्स बरोबर १ ला स्पर्शिका आडवी असेल असं कुठलंही एक त्रिघाती फंक्शन लिहा.’ बरोबर उत्तरं असंख्य आहेत. विद्यार्थी स्वतःचं लिहितो, यंत्र त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून पडताळतं. शेजाऱ्याचं उत्तर उतरवलं तर लगेच ओळखू येतं. असे शंभर चांगले प्रश्न मराठीत लिहिले गेले तर शंभर व्हिडिओंपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. ते लिहायला मात्र व्हिडिओपेक्षा जास्त डोकं लागतं.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. उदाहरणाचा फोटो काढा, पायऱ्यांसकट उत्तर हजर. फोटोमॅथ हे ॲप २०१४ पासूनच हे करत होतं, आताची यंत्रं त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत. गृहपाठाला यापुढे पूर्वीचा अर्थ उरत नाही हे मान्य केलं पाहिजे. पूर्वी निदान मित्राची वही उतरवताना हात तरी चालायचा. बंदी घालून काही साधेल असं मला वाटत नाही. मी मागतो ती दोन मिनिटांची चित्रफीत. चेहरा नको, फक्त हात आणि वही. आपण सोडवलेल्या उदाहरणातल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवून ‘ही वरच्या ओळीतून कशी आली’ ते आपल्या भाषेत सांगायचं. ओळ कुठली ते शिक्षक ठरवणार. यंत्राने लिहून दिलेली सातवी ओळ स्वतःच्या तोंडाने समजावून सांगता आली, तर ती त्याची झाली, माझी हरकत नाही. चेहरा नको म्हटल्यावर सासरी शिकणाऱ्या बायका मोकळेपणाने चित्रफिती पाठवतात. कुकरची शिट्टी आणि पोराचं रडणं त्यात ऐकू येतं, त्याचे गुण कापू नयेत.

राहिला पैशाचा प्रश्न. शिक्षणावरच्या भाषणांत तो शेवटच्या पानावर उरकतात, मीही शेवटीच घेतला, पण उरकणार नाही. सर्वसाधारणपणे समंत्रकाचं, म्हणजे अभ्यासकेंद्रात शिकवणाऱ्याचं, मानधन तासिकेवर मोजलं जातं. उभं राहून बोललात की तासिका भरते. रात्री बसून वीस वह्या वाचल्या, वीस निरोप पाठवले, तर ती भरत नाही. जोवर वही वाचणं हे शिकवणं म्हणून मोजलं जात नाही, तोवर कितीही चांगलं ॲप आणा, पलीकडे वाचायला माणूस बसलेला नसेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नवे नियम केले, २०२२ मध्ये या पदव्या नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचं स्पष्ट केलं. पदवी समकक्ष झाली, ते उत्तम. मग वहीवर पडणारी नजरही समकक्ष हवी.

पंचवीस-तीस विद्यार्थ्यांमागे एक वाचक, आलेल्या पानाला दोन दिवसांत उत्तर, आणि पानामागे ठरलेलं मानधन, एवढी व्यवस्था दोन तालुक्यांपुरती उभी करायला नाशिकच्या परवानगीचीही वाट पाहायला नको. वाचक कुठून येणार? निवृत्त गणितशिक्षक बारामतीत कमी नाहीत. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात आणि इंदापूरच्या महाविद्यालयात शिकलेली मुलं-मुली आहेत. गणितात एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुली तर प्रत्येक मोठ्या गावात आहेत, आणि त्यांना हे काम घरून, पोरं झोपल्यावर करता येईल. या सगळ्या वाचकांना आधी पंधरा दिवस वह्या वाचायला शिकवावं लागेल, कारण चूक शोधणं आणि चुकीचं मूळ शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. खर्चाचा अंदाज मी संयोजकांकडे लिहून दिला आहे. तो एका लहानशा स्टुडिओच्या दिव्यांपेक्षाही कमी भरतो.

गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. कारखान्यातले विद्यार्थी त्यानंतर हाती लागणार नाहीत, म्हणून पहिली तुकडी त्याआधी सुरू व्हायला हवी. वाचक म्हणून ज्यांना काम करायचं आहे त्यांच्यासाठी बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, गाव आणि रात्रीची कुठली वेळ मोकळी असते, एवढं लिहा. तुमच्या प्रश्नांसाठी आता अर्धा तास आहे.